सत्तावीस त्रेचाळीस

२७ मार्च, शुक्र.
आई आज पुन्हा दारातच बसलेली. हात थरथरतो, किल्ली भोकात जात नाही. भर दुपारी खटपट करून घेरी आली. समोरच्या पद्माअक्कांनी बघितलं म्हणून बरं, घरी नेऊन पाणी पाजलं. पुण्याला दादाला कळवलं. नसतं कळवलं तर बरं झालं असतं. "तू दिवसभर कॉलेजच्या लॅबमध्ये. तिला आता विसरायलाही होतंय. चौदा एप्रिलला जयंतीला येतो, जाताना घेऊनच जातो. बॅग भरून ठेव." फोन स्पीकरवर, आई ऐकत होती. जेवली नाही.
किल्लीच नको. आकडे दाबून उघडणारं कुलूप करायचं. दर वर्षी पोरांकडून प्रोजेक्ट म्हणून करून घेतेच की.

२९ मार्च, रवि.
सकाळपासून सोल्डरिंग. दोन डब्या. एक दारावर, कीपॅडवाली. दुसरी अक्कांच्या स्वयंपाकघरात. तीनदा चुकीचा नंबर पडला की रेडिओवरून त्यांची डबी ओरडणार. रेडिओ दुपारपर्यंत मुका. शेवटी सप्लायला कपॅसिटर लावला, लगेच बोलायला लागला! एकटीच नाचले.
नंबर आईनंच सांगितला. "तुज्या बापूंचा बिल्ला. डबा घिऊन गेलं की गिरणीच्या गेटवर हाळी द्यायची, सत्तावीस त्रेचाळीस! आजून तोंडात हाय."
बापू असते तर कुलूप उघडून आतलं बघत बसले असते.

१ एप्रिल, बुध.
बसवलं. (लोकांनी आजचाच दिवस बघितला का म्हणून चिडवलं. चिडवू देत.) आईच्या शेजारी उभी राहून एकेक आकडा सांगत गेले. दोन. सात. चार. तीन. खट्ट! आई: "आगं, कसं म्हनलं की गं खट्ट!" चार वेळा तसंच आकडे सांगत उघडबंद करून बघितलं. हात थरथरला तरी बटण चुकत नाही. किती हलकं वाटलं.

२ एप्रिल, गुरु.
अक्कांचा लॅबमध्ये फोन. "तुझं डबी ओरडलं की गं!" आई भाजी घेऊन आली आणि दार उघडेना. अक्कांनी येऊन दाबलं, पहिल्या दणक्यात उघडलं.
मग आईलाच का नाही?

४ एप्रिल, शनि.
थरथरत्या बोटानं एकच बटण दोनदा पडत असणार. प्रोग्रॅममध्ये दोन दाबांतला वेळ वाढवला. मी दाबून बघितलं, ठीक. दुपारी आई आली, पुन्हा डबी ओरडली. अक्का लाटणं हातात घेऊनच पळत आल्या म्हणे.

७ एप्रिल, मंगळ.
कीपॅड बदलला. वायरी बदलल्या. मी दाबते, उघडतं. अक्का दाबतात, उघडतं. आई दाबते, पीं पीं पीं.
संध्याकाळी आई म्हणाली, "तुजी मशीन चांगली हाय. माजंच डोस्कं चालंना झालंय. दादा म्हनतो ते खरंच आसंन. जाते मी त्याच्यासंगं." स्वतःच माळ्यावर बघत होती, बॅग कुठं आहे म्हणून.
 

१२ एप्रिल, रवि.
सापडलं!! सापडलं!!
आज आई विहारातून येताना मागून गुपचूप आले, काही बोलले नाही. ती दारापाशी पुटपुटली, "सत्ता...वीस." दाबला सात. मग दोन. "त्रे...चाळीस." तीन. मग चार.
 हसू की रडू. बरोबरच आहे तिचं! आयुष्यभर तो नंबर कानानं ऐकलाय, लिहिलेला कधी बघितलाच नाही. "सात आदी म्हनतो, मग सातच आदी दाबनार की," म्हणते. तिचं डोकं शाबूत आहे. दहा दिवस मी कीपॅडचा जीव खात होते.
अक्कांना सांगितलं. त्या: "आमच्या तेलुगूत वीस आधी, सात मागून. म्हणून मला उघडतंय!" पदरात तोंड घालून हसत राहिल्या.
प्रोग्रॅममध्ये एकच ओळ बदलली. ७२३४. आई पोळीत पुरण दाबून भरावं तसं एक-एक बटण दाबते, सावकाश. खट्ट. चेहरा असा उजळला!
पोटभर जेवली. दोघी जेवलो.

१४ एप्रिल, मंगळ.
दादा आला. सकाळी तिघं पुतळ्याला जाऊन आलो. परतताना तो पुढं. "नंबर काय?" आई म्हणाली, "बापूंचा बिल्ला की." त्यानं दाबला. पीं. पुन्हा दाबला. पीं. "बिघडलंय हे तुझं."  तिसऱ्यांदा दाबला आणि समोरून अक्का लाटण्यासकट बाहेर!
"सरक," आई म्हणाली. पांढऱ्या साडीचा पदर खोचला, थरथरतं बोट पुढं केलं. खट्ट.
दादा: "नंबर बदललात?"
आई: "न्हाय रं. सत्तावीस त्रेचाळीसच हाय. तुला इसरायला होतंय का?"
आता तो दारात उभा राहून बोटांवर जुळवतोय. आई आत चहा ठेवून गुणगुणते आहे. बॅग माळ्यावरच. परवा निघणार म्हणाला, पण किती तिकिटं काढलीत ते अजून बोलला नाही. आम्हीही विचारलं नाही.