रंगाचं पान

आबा, आज दुपारी गॅसचा माणूस नवं सिलिंडर जोडून गेला. जाताना म्हणाला, "मावशी, वास आला तर आधी खिडकी उघडा." मी मान हलवली. तो गेल्यावर ओट्याखाली वाकले आणि अगदी फरशीजवळ नाक नेऊन वास घेतला, तुम्ही होडीत घ्यायचात तसा. परत उभं राहायला वेळ लागला. गुडघे आता ऐकत नाहीत. तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

पंचगंगेला पूर आला की पलीकडच्या आत्याच्या गावाची वाट आठ-आठ दिवस बंद व्हायची. म्हणून तुम्ही परसात होडी बांधायला घेतलीत. कारखान्यातलं फिटरचं काम आटोपून यायचं आणि फळ्यांना रंधा मारत बसायचं. लढाई संपल्यावर लष्कराचं सामान लिलावात निघालं, त्यातलं एक लहानसं पेट्रोल इंजिन तुम्ही आणलंत. त्याच्याबरोबर होड्यांसाठीची इंग्रजी पुस्तिका होती. ऑइल इंजिन तुम्ही डोळे मिटून जोडलं असतं, पण पेट्रोल नवं होतं. "एवढं कॉन्व्हेंटात घातलंय, बघू तरी काय शिकिवत्यात," असं म्हणून तुम्ही चुलीपाशी पाटावर बसायचात आणि मी वाचून मराठीत सांगायची. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "त्या बुकाला म्हणावं, माणसाला आधी जेवू दे."

मी सांगत गेले तशी तुम्ही टाकी केलीत. जस्ती पत्रा, सांध्यांना कथलाचा डाग. पाणी भरून दोन दिवस ठेवली, थेंब गळला नाही. मग पुढच्या बाकाखाली लोखंडी पट्ट्यांनी आवळलीत आणि पट्टीखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातलेत, हादऱ्यानं पत्रा घासू नये म्हणून. एका संध्याकाळी मात्र मैत्रीण दारात येऊन उभी होती, रंकाळ्यावर जायचं होतं. टाकीच्या भागातलं एकच पान उरलं होतं, बारीक अक्षरांचं. मी म्हणाले, "हे रंगाचं आहे, आबा. होडीला रंग कसा द्यायचा ते." तुम्ही म्हणालात, "मग ऱ्हाऊ दे. रंग काय, शेवटाला बघू." मी चपला घालून पळाले.

होडी घाटावर उतरवली त्या दिवशी ऊन कडक होतं. तुम्ही टाकी गळ्यापर्यंत भरली होती. आत्या मुद्दाम पूजेला आली होती. नारळ काठावर फुटला आणि तिनं पेटल्या निरांजनाचं ताट माझ्या हातात दिलं. "जा पोरी, इंजनाला ओवाळ." मी एक पाय होडीत टाकते आहे, तुम्ही आत ओणवे आहात. एकदम सरळ उभे राहता, आणि तुमचा हात खाडकन ताटावर बसतो. ताट नदीत. "भाईर! आधी भाईर हो!" एवढ्या लोकांत तुम्ही माझ्यावर असे कधी ओरडला नव्हतात. आत्या किंचाळली, "आरती उधळलीस की रं! काय संचारलंय तुला?" तुम्ही म्हणालात, "आक्का, तळाला पेट्रोल हाय. निरांजन आत आलं असतं तर पोर जळाली असती." आत्या रिकाम्या हातांनी घाट चढून निघून गेली.

संध्याकाळी तुम्ही पाटावर बसलात. मला वाटलं, आता मार. तुम्ही पुस्तिका पुढं सरकवलीत. "ते रंगाचं पान ऱ्हायलंय बघ. तेवढं वाच." मी वाचलं. टाकीचं भरायचं तोंड वर काढावं, हवेची नळी होडीच्या बाहेर सोडावी, उन्हानं पेट्रोल फुगतं म्हणून टाकी काठोकाठ भरू नये. त्याची वाफ जड, ती तळाशी साचते. म्हणून इंजिन चालू करण्याआधी वाकून वास घ्यावा. रंगाचा एक शब्द नव्हता. मी भरभर वाचून संपवलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "हळू वाच. परत एकदा."

आठवड्यात तुम्ही तोंड आणि नळी, दोन्ही बाहेर काढलीत. मग आत्याची समजूत घालायला तिला घरी आणलंत. ती उंबऱ्यावरच बसली. "आगीचं एवढं कळतंय, तर आधीच का न्हाई नीट केलंस?" मी चहाचे कप घेऊन दारात उभी. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "पोरीनं बराबर वाचून दावलंतं आक्का. माझ्याच टकुऱ्यात शिरलं न्हाई." आत्या म्हणाली, "मग असल्या टकुऱ्याच्या होडीत माणसं कशाला बसवतोस?" कप माझ्या हातात होते, आबा. एक वाक्य पुरलं असतं. त्या दिवाळीत ती तुम्हाला ओवाळायला आली नाही. होडीनं पुढं किती पावसाळे लोकांना पलीकडे नेलं, पण जिच्यासाठी बांधली ती कधी तिच्यात बसली नाही. पूर ओसरेपर्यंत अडकून पडायची, पण बसली नाही.

आता आत्या नाही, तुम्ही नाही. घरात ही 'आबांच्या रागाची गोष्ट' झाली आहे. कार्यात चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, आबांनी आरतीचं ताट नदीत कसं उडवलं ते सांग की. मी सांगते. तुमचा आवाज काढून दाखवते, सगळे पोट धरून हसतात. खरं सांगायचं तर आता त्याचाही कंटाळा आला आहे. हे पत्र कपाटात खाली, साड्यांच्या मागं ठेवीन, कारण नातीला मराठी चांगलं वाचता येतं. परवा तिच्या साखरपुड्यातही गोष्ट सांगितली. ती पुढ्यातच बसून ऐकत होती. या वेळी सगळं सांगायचं ठरवलं होतं, आबा. ते पान पुन्हा गाळलं.