बाहेरगावी ठेवलेल्यांची यादी

२४ सप्टेंबर

प्रिय हिसाएताई,

तुझे गुडघे आता कसे आहेत? परवा आईच्या समाधीवर जाऊन आले. ओहागीचे गोड गोळे ठेवले, उदबत्ती लावली. शेजारच्या छोट्या दगडावर मात्र या वेळी पाणी घातलं नाही. का, ते पुढे लिहिते.

तुला सांगायचं राहूनच गेलं. एप्रिलमध्ये माझी बदली झाली. नगरपालिकेच्या पाणी खात्यातून थेट समाजकल्याणात, तीही निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना! नोझुए साहेब म्हणाले, "कामादाबाई, नळ पुष्कळ सांभाळलेत, आता माणसं सांभाळा." बंद पडलेल्या शाळेच्या जागी म्हाताऱ्यांसाठी आणि अपंगांसाठी निवासगृह बांधायचं आहे. खोल्या अठरा. त्यातल्या काही, गावात सोय नव्हती म्हणून पूर्वी बाहेरगावी ठेवलेल्यांसाठी राखल्या आहेत. अशी माणसं कुठेही राहिली तरी गणतीला आपल्याच गावची धरतात. त्यांची नऊ नावांची यादी निघाली. माझ्या आधीच्या बाईंनी घरच्यांना पत्रं पाठवली होती, माणूस परत यावा असं वाटतं का म्हणून. उत्तरं माझ्या टेबलावर आली.

गेल्या मंगळवारी सातवं पाकीट फोडलं. कामादा मोतोकी, वय चोपन्न. वडिलांचं नाव आपल्या बाबांचं. खाली लिहिलेलं, "घरच्यांची इच्छा नाही. पुन्हा पत्र पाठवू नये." आणि तुझी सही.

ताई, ती सही मी तीनदा वाचली. तुला वाटलं असणार, नात्सुए पाणी खात्यात आहे, तिला काय कळतंय!

"काय हो, भूत बघितलंत का?" नोझुए साहेबांनी विचारलं. बघितलंच होतं की. आई दवाखान्यातून रिकाम्या हातांनी आली आणि "बाळ गेलं" म्हणाली, तेव्हा मी तीन वर्षांची होते. त्या बाळाच्या दगडावर मी पन्नास वर्षं पाणी घालत आले, आणि बाळ जिवंत! तुला कधी कळलं? आईनं जाताना सांगितलं का? मग मला का नाही सांगितलंस? मी काय परकी होते? आणि "इच्छा नाही" कशासाठी, तुझ्या युकाचं लग्न ठरतंय, तिकडच्यांना कळू नये म्हणून? तसं असेल तर तसं लिही. पण लिही गं बाई, गप्प बसू नकोस.

आता माझंही ऐक. हे लिहायचं टाळत होते.

शनिवारी मी त्याला ठेवलंय तिथे गेले. बसनं तीन तास, आणि तीनही तास मनातल्या मनात तुला शिव्या घातल्या. तो व्हरांड्यात बसून टॉवेलांच्या घड्या घालत होता. डोळे हुबेहूब बाबांचे. तिथल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही याच्या कोण?" आणि मी म्हणाले, "नगरपालिकेतून आलेय."

हेच निघालं माझ्या तोंडून! अजून माझा माझ्यावर विश्वास बसत नाही.

त्यानं एक घडी केलेला टॉवेल माझ्या हातात दिला. बाई म्हणाल्या, "पाहुण्यांना द्यायचा असतो तो. याच्याकडे कोणी येत नाही, म्हणून रोज आम्हालाच देतो." मी न्हाणीघरात जाऊन तोंडावर तोच टॉवेल धरून रडले.

सोमवारी नोझुए साहेबांना सगळं सांगितलं. त्यांच्या हातातला चहा कागदांवर सांडला. "गाव लहान आहे, बाई. लोक बोलतील."

"बोलू देत."

घरच्यांपैकी दुसऱ्या कोणी जबाबदारी घेतली तर उत्तर बदलता येतं, असं ते म्हणाले. मी नवा फॉर्म मागून घेतला. नात्याच्या रकान्यात 'बहीण' लिहिलं आणि सहीच्या जागी माझ्या नावाचा शिक्का मारला. इमारत झाली की पुढच्या एप्रिलमध्ये तो येईल. तुझी परवानगी मागायला हे पत्र नाही, ताई. तू यावंस असं मात्र फार वाटतं.

आजवर तुला लिहिलेल्या प्रत्येक पत्राखाली 'तुझी धाकटी' असं लिहीत आले. मी धाकटी नव्हतेच, आणि ते तुला ठाऊक होतं.

तुझी मधली बहीण,
नात्सुए