आक्का एसटीसारखी

छत्रपती संभाजीनगर

तीर्थस्वरूप दाजींना कारभारीचा दंडवत. तुमचा गुडघा कसा आहे? आक्काचीही तब्येत विचारली असती, पण तुमच्या घरात सध्या माझं नाव काढायची बंदी आहे म्हणे. तेव्हा ती तुम्हीच हळूच बघून कळवा.

इकडं आमच्यावर घोर अन्याय चालू आहे. साखरपुडा झाल्यापासून गंगापूरच्या एसटीनं आक्काच्या लोणच्याची बरणी आलेली नाही. ताटाची डावी बाजू उघडी पडली. (बायको बाजारातलं लोणचं वाढते आणि माझ्याकडं बघते. ते बघणं लोणच्याहून आंबट.)

गुन्हा काय, तर एक उपमा. तुमच्या राजनंदिनीच्या साखरपुड्यात माझ्या हाती माईक दिला तो तुम्हीच, हे विसरू नका. "आमची आक्का एसटीसारखी आहे," म्हणालो आणि टाळीसाठी थांबलो. तिथंच घात झाला. दाजी, कोण कशासारखं एवढ्यावर भागत नाही. कशात सारखं, तेही लगेच सांगावं लागतं. नाक चाफेकळीसारखं म्हटलं तर कुणी हुंगायला येत नाही, कारण ते कशापुरतं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. एसटीचं तसं काही ठरलेलं नव्हतं. मी मोकळी सोडलेली जागा मांडवानं भरली. पहिल्या रांगेतून पुंजाराममामा, "आवाजात व्हय रं?" मागून कुणी, "नाय, वळायला लई जागा लागती!" व्याही तर "हात केला तरी थांबत नाय," म्हणून तुमच्याकडंच कळवळून बघायला लागले. (तुम्ही हसलात. मी पाहिलं. आक्कानंही पाहिलं असेल, तर गुडघ्याचं कारण कळलं.)

मला म्हणायचं होतं ते निराळंच. आई गेल्यावर मी इथं खोली घेऊन शिकत होतो, तेव्हा आक्का दर आठवड्याला डबा घेऊन यायची. रस्ता वाहून गेला तरी यायची; उशिरा, चिखलानं माखून, पण यायची. आणि जागा नाही म्हणून तिनं कधी कुणाला दारातून परत लावलं नाही. एवढ्यापुरती एसटी. हे सगळं हशात बुडालं. तिला एकटीला गाठून हा मजकूर वाचून दाखवा; मध्ये थांबू नका.

तुमचा मेहुणा,
कारभारी

ता. क. मांडवातून निघताना ती एवढंच म्हणाली, "तू आबासारखाच." कशात, ते सांगितलं नाही. आमच्या आबांचा एकेक गुण आठवून बघितला. जो आठवला तो मला फिट्ट बसला. बायकोनं आणखी दोन सुचवले.

पुन्हा ता. क. बरणी काल आमच्याच फडताळात सापडली. परत पाठवायची राहिली होती. आपल्यात ती रिकामी पाठवत नाहीत, म्हणून खडीसाखर भरून आजच्या गाडीच्या कंडक्टरजवळ दिली आहे. गोड आहे, एवढं आक्काला सांगा. कशासारखी, ते तिनं विचारलं तरी सांगू नका.