उलटं पुस्तक

टेंभुर्णी, गुरुवार, ११ फेब्रुवारी १९९३

पास झाले. पण त्या साहेबाचं हसणं अजून डोक्यातून जात न्हाई.

आज साक्षरता वर्गाची परीक्षा होती. तपासायला जाफराबादहून साहेब आल्ता. त्यानं पुस्तक हातात दिलं, मी सवयीनं फिरवून उलटं धरलं. लागला हसायला. "आजीबाई, पुस्तक उलटं धरून राह्यल्या तुम्ही. राहू द्या, जा घरी." नापास लिहायला पेन उघडला.

मी म्हणलं, "आधी ऐक बाबा, मंग लिही." उलट्याच पुस्तकातून धडा वाचला, बराबर, शेवटपर्यंत. पेन त्याच्या हातात तसाच राहिला.

त्याला काय ठाऊक? आमचा वर्ग घरातच, पुस्तक एकच अन् शिकवणारी माझी सून. सासूनं सुनेशेजारी पोरीसारखं बसावं कसं? म्हणून मी चुलीच्या बाजूला, तिच्या समोर बसायचे, सुपात डाळ निवडत. पुस्तक तिला सुलटं, मला उलटं. पाटीवर सरळ लिहिते, छापील मात्र उलटंच शिकले. त्यात माझी काय चूक?

मंग साहेब म्हणाला, "आता सुलटं वाचा." वाचलं, अडखळत. दारात उभ्या सुनेचे ओठ माझ्यासंगं हलत होते. मी डोळे वटारले, तेव्हा थांबली. साहेबानं पास लिहिलं.

येताना सून म्हणाली, "आत्याबाई, शेजारी बसल्या असत्या तर?"

"तू आधी रस्ता बघ," म्हणलं.

शिकवलं मात्र पक्कं हं पोरीनं. तोंडावर सांगणार न्हाई, चढून बसंल.

उद्यापासून तिच्या शेजारी बसते. विचारलं तर सांगीन, समोर चुलीचा धूर लागतो.