पाचव्या सत्रापर्यंत थांबायचं

१२ ऑगस्ट

पुन्हा मतदान झालं, तर जेट गेन्ससाठी मी हात वर करीन का? खरं सांगायचं तर माहीत नाही.

जानेवारीत केला होता. फुटबॉल कोचच्या निवड समितीत माजी विद्यार्थ्यांच्या वतीनं मी एकटी, वयानं सगळ्यांत लहान. मतं सारखी पडली आणि डॉ. पूल, आमच्या प्राचार्या, चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. केला वर! आता तो माणूस काळा चष्मा लावून, मागे कॅमेरेवाले घेऊन प्रुइट कॉलेजच्या आवारात फिरतो. ज्या खेळाडूच्या बुटांची जाहिरात बघत आम्ही मोठे झालो, तो आमच्या कॅन्टीनमध्ये तळलेला मासा खातो.

विश्वस्तांनी स्पष्टच सांगितलंय. पुढच्या वर्षी पहिल्या वर्षाचे वर्ग भरले नाहीत, तर उत्तरेचं वसतिगृह बंद. मग कॉलेजच शहरातल्या मोठ्या विद्यापीठात विलीन. मी प्रवेश कार्यालयात बसते, रिकाम्या खोल्या मला तोंडपाठ आहेत. त्याच वसतिगृहात राहून मी आमच्या घरातली पहिली पदवी मिळवली. मम्मीनं ती येशूच्या तसबिरीशेजारी लावलीय. तिच्यावर ज्याचं नाव आहे ते कॉलेजच उरलं नाही तर?

डॅडी म्हणाले, "पोरं त्याला बघून येतील, बेबी. आणि तो निघून गेला तर? त्याच्या गाडीमागे धावणार का ती?"



२९ ऑगस्ट

कार्यालयातला फोन खाली ठेवला की पुन्हा वाजतो! शिकागो, ह्यूस्टन, कुठून कुठून. एका बाईंनी विचारलं, "हे प्रुइट नेमकं आहे कुठे?" अलाबामात, मॅडम. गेल्या वर्षी हे विचारायलाही कोणी नव्हतं.

६ सप्टेंबर, शनिवार

जिंकलो! दणदणीत! स्टँडमध्ये बसायला जागा नव्हती, माणसं कुंपणाला लटकलेली. डॅडींच्या शेगडीवर भाजलेल्या मांसाच्या रिब्ज सामना सुरू व्हायच्या आधीच संपल्या.

पण.

सामना चार सत्रांचा असतो, आमचा त्यानंतरही संपत नाही. दोन्ही कॉलेजांचे बँड आपापल्या स्टँडमधून वाजवत एकमेकांवर तुटून पडतात आणि कोणी जागचं हलत नाही — ते पाचवं सत्र. मग आमची मुलं हेल्मेट काढून बँडसमोर उभी राहतात आणि कॉलेजचं गाणं म्हणतात. जिंकलो तरी, हरलो तरी. डॅडी कधी कॉलेजात गेले नाहीत, पण दोन्ही कडवी त्यांना पाठ आहेत.

आज शेवटची शिट्टी झाली आणि जेटनं सगळी मुलं आत नेली. आत कॅमेरे त्यांची वाट बघत होते. बँडनं ते गाणं रिकाम्या मैदानाला ऐकवलं. मिस विलोडीन — अर्ध्या गावाला वाचायला शिकवलेल्या बाई, दर सामन्याला तीच जांभळी हॅट — गाणं संपल्यावरही उभ्याच राहिल्या. मी हात धरायला गेले तर म्हणाल्या, "बस म्हणू नकोस. मी बसायला नाही आले."

८ सप्टेंबर

कोचकडे गेले. कोणीच जाईना, आणि त्याला आणणारं मत माझं.

चांगला बोलला. मला आधी बसवलं. मोठ्या लीगमध्ये शिट्टी झाली की खेळाडू आत जातात, अंगाला बर्फ लावतात, पुढच्या सामन्याकडे बघतात, हे नीट समजावून सांगितलं. कॅमेऱ्यांमुळेच तुमचे फोन वाजतात, हेही. ते खरंच आहे! मग म्हणाला, "मी इथे जिंकायला आलोय, मिस रोशेल. गायला नाही."

डॉ. पूलना सांगितलं. चष्मा पुसत त्या म्हणाल्या, "जिंकतोय ना? थोडं सोसू या."

२७ सप्टेंबर

पुन्हा जिंकलो. पुन्हा गाणं नाही. स्टँड भरलेला, आणि तरी मला रिकामं रिकामं वाटत होतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

काल हरलो. तेही माजी विद्यार्थी दरवर्षी बघायला परत येतात त्या सामन्याला! म्हाताऱ्या म्हाताऱ्या तुकड्या जुनी जॅकेटं घालून आलेल्या, आणि आमच्या पोरांच्या हातात चेंडू टिकेना. शेवटचं सत्र मी बोटांच्या फटींतून बघितलं. कॅमेरेवाले शिट्टीच्या आधीच सामान आवरून निघाले.

जेट मुलांना घेऊन आत गेला आणि दार लावून घेतलं. बाहेर पाचवं सत्र सुरू झालं. पाहुण्यांचा बँड जोरात होता, आमचा त्याहून जोरात. मग अचानक शांत. मिस विलोडीननी काठीनं माझ्या पोटरीला टोचलं. "तू आणलास ना त्याला? जा, घेऊन ये."

जाऊन दार वाजवलं. दार त्यानंच उघडलं. काळा चष्मा नव्हता. चष्म्याशिवाय तो आमच्या चर्चमधल्या कुठल्याही दमलेल्या माणसासारखा दिसतो. त्याच्यामागे मुलं खाली बघत बसलेली.

"गेले का सगळे?"

"नाही, कोच. कोणीच नाही गेलं."

त्यानं मान हलवली, जणू हेच अपेक्षित होतं. मोठ्या लीगमध्ये त्याचा संघ हरला की लोक बसच्या वाटेवर थांबायचे, असं म्हणाला. बाटल्या घेऊन. एकदा त्याची आईही बसमध्ये होती. "मुलांना मागच्या दारानं काढतो. शिव्या मी खाईन."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि रडूच आलं. हा माणूस इतके दिवस आमच्या गाण्याला नको म्हणत होता, कारण शिट्टीनंतर थांबलेली गर्दी त्यानं एकाच कामासाठी थांबलेली पाहिली होती.

"शिव्या द्यायला नाही थांबले," मी म्हटलं. "गायला थांबलेत. तुम्ही हरलात म्हणून आज जास्तच थांबलेत."

 तो वळून मुलांना एवढंच म्हणाला, "हेल्मेट काढा. चला."

आख्खा स्टँड उभा होता. एकही शिवी आली नाही. मुलं बँडसमोर रांगेत उभी राहिली, काही रडत होती. जेट टोकाला, हातांचं काय करावं न कळून. मिस विलोडीन पायऱ्या उतरून त्याच्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "शब्द येत नाहीत ना? ओठ तरी हलव. माझ्याकडे बघून हलव."

आणि जेट गेन्सनं ओठ हलवले!

घरी डॅडी रताळ्याची गोड पाई खात एकच वाक्य बोलले. "आता बरोबर हरलो."

१८ ऑक्टोबर

जिंकलो. पहिलं कडवं त्याला येतं. सूर अजिबात येत नाही.

१५ नोव्हेंबर

ओळीनं पाचवा विजय! आता कॅमेरेवालेच पाचव्या सत्राला थांबतात, बँडच्या पोरांच्या मुलाखती घेतात. सूझाफोन, तो अंगाभोवती गुंडाळलेला मोठा भोंगा, वाजवणाऱ्या मुलीला घाम पुसताना साऱ्या देशानं पाहिलं. मम्मी ज्या वृद्धाश्रमात स्वयंपाक करते तिथल्या आज्यांनी टीव्हीसमोर उभं राहून गाणं म्हटलं. एकीला बाकी काही आठवत नाही. हे आठवलं.

६ डिसेंबर, शनिवार

चॅम्पियन! चॅम्पियन! शेवटच्या मिनिटाच्या टचडाउननं जिंकलो! डॅडींनी मला उचललं — मला, या वयात! माझा आवाज बसलाय. बाकी उद्या.

७ डिसेंबर

बाकी हे.

सामना संपल्यावर जेटनं बँडसमोर मुलांना सांगितलं की तो जातोय. मोठं विद्यापीठ, मोठं स्टेडियम. आमचा क्वार्टरबॅक, संघाचा मुख्य खेळाडू, तोही त्याच्यासोबत. आठवडाभर कुजबुज होतीच. पण त्यानं मागच्या दारानं न जाता स्टँडसमोर उभं राहून सांगितलं. एवढं त्याच्या बाजूनं लिहायलाच हवं. मागून कोणी तरी ओरडलं, "मग आत्ताच जा!"

मिस विलोडीननी काठी वर केली.  "आधी गाणं," त्या म्हणाल्या. "मग जा कुठे जायचं ते."

दुसरं कडवंही त्याला येत होतं.

९ डिसेंबर

कार्यालयात सगळे मला सांभाळून बोलतायत. कॉफी आणून देतायत. कोणी वारल्यासारखं. एकजण मात्र बोललाच, "तारा बघितलास ना, रोशेल? आता अंधार बघ."

८ जानेवारी

आजपासून प्रवेश मिळालेल्या मुलांना फोन. हे काम मी मागून घेतलं. पत्करलेलं मीच निस्तरावं.

पहिला मुलगा: कोच गेला ना, मग मीही नाही येत. दुसरा: विचार करतो. आवाज ऐकूनच कळतं, येणार नाहीत. डॅडींचं ते गाडीमागे धावण्याचं वाक्य डोक्यातून जाईना.

मग मेम्फिसची एक मुलगी. मी अडखळत सांगितलं, फुटबॉलचे कोच आता इथे नसतील, तुला ठाऊक असेलच. ती म्हणाली, "हो, वाचलं. पण बँड आहे ना तिथेच?"

आहे, म्हटलं. बँड कुठे जातोय!

"मग मी येतेय. आणि शेवटी सगळे उभे राहतात ते — त्यात नवीन मुलांनाही घेतात ना?"

फोन ठेवून मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. परत आले आणि पुढचा नंबर फिरवला.

२२ जानेवारी

काही गळाले. बरेचसे खेळाडूच. बाकीचे येतायत! डॉ. पूल स्वतः जिना चढून आमच्या कार्यालयात आल्या, धाप लागलेली. उत्तरेचं वसतिगृह बंद होणार नाही. विलीनीकरण वगैरे काही नाही. सगळ्यांसमोर त्यांनी माझी पाठ थोपटली आणि हळूच म्हणाल्या, "नव्या कोचसाठी समिती मंगळवारी. आता मात्र साधा, इथलाच माणूस बघू या हं."

मी हसले.

२७ जानेवारी, मंगळवार

टेबलावर एक साधं नाव होतं आणि एक टीव्हीवरचं. टीव्हीवरचा गेल्या आठवड्यात आला होता. त्याला स्टेडियम दाखवण्याआधी मी बँडच्या सरावाला नेऊन मिस विलोडीनशेजारी बसवलं. शेवटचा ढोल थांबेपर्यंत तो उठला नाही.

मतं पुन्हा सारखी पडली. डॉ. पूलनी पुन्हा चष्म्यावरून बघितलं.

टीव्हीवरच्यासाठी मी हात आधीच वर केला होता.