कलकत्ता नावाच्या बाईच्या नावे

मी, कुमारी डोरोथी जोसेफ मिस्किटा, वय वर्षे बासष्ट, निवृत्त ट्रंक ऑपरेटर, राहणार मरोळ गावठाण, अंधेरी पूर्व, मुंबई, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. ज्याला शंका असेल त्याने समोर येऊन पाच मिनिटे बोलून पाहावे.

वकिलांनी इंग्रजीत मसुदा आणला होता, तो मी परत केला. शाळेत तोंडातून मराठी शब्द निघाला की नन्स आम्हाला बाकावर उभे करायच्या. पुढे छत्तीस वर्षे डोक्याला हेडसेट लावून मी इंग्रजीच बोलले. शेवटचे बोलणे मला आईच्या भाषेत करायचे आहे. शिवाय मराठीत लिहिले म्हणजे माझ्या भावाचा मुलगा अर्बन ‘मला कळलेच नाही’ असे म्हणू शकणार नाही.

कलम १. घर. गावठाणातले माझे कौलारू घर, दोन खोल्या, ओटा व विहिरीतला निम्मा हक्क, हे सर्व अर्बनची बहीण ज्युलिया हिला द्यावे. अर्बनला घर नाही. कारण त्याला ठाऊक आहे, पण कागदावर असलेले बरे. गेल्या नाताळात तो एका बिल्डरला घेऊन आला. मी ओट्यावर बसले होते, आणि माझ्या देखत दोघांनी ओटा मापायला घेतला. टेप माझ्या पावलांपाशी अडली.

“आंटी, जरा पाय वर घे ना.”

मी पाय वर घेतला नाही. त्यांच्याकडे ओट्याचे जे माप आहे ते चुकीचे आहे, याची संबंधितांनी नोंद घ्यावी.

अर्बनला माझ्या वडिलांचे भिंतीवरचे घड्याळ द्यावे. ते दहा मिनिटे पुढे चालते. त्याला घाई असतेच.

कलम २. बँकेत जे आहे त्यातून माझा अंत्यविधी साधेपणाने करावा. बँडबाजा नको. उरेल ते ज्युलियाचे.

कलम ३. टेलिफोन, आणि तो जिच्यासाठी आहे ती व्यक्ती. या कलमावरून वकिलांचा व माझा दोन वेळा खटका उडाला.

“लाभार्थीचं नाव सांगा, बाई.”

“कलकत्ता.”

“ते शहर आहे.”

“तुमच्यासाठी असेल.”

“बरं, वय? पत्ता? निदान काही वर्णन?”

“आवाज. किंचित बसलेला. हसताना श्वास आत घ्यायची.”

वकिलांनी पेन खाली ठेवले. निनावी माणसाला काही देता येत नाही, असे कायदा म्हणतो म्हणे. म्हणून हे कलम मला सविस्तर लिहावे लागत आहे.

ट्रंक बोर्डावर, म्हणजे परगावचे कॉल हाताने जोडायच्या फळ्यावर, आम्हाला नाव सांगायची परवानगी नव्हती. दिवा लागला की प्लग घालायचा आणि आपल्या शहराचे नाव घ्यायचे. मी म्हणायचे, ‘बॉम्बे.’ पलीकडून ती म्हणायची, ‘कलकत्ता.’ वीस वर्षे आम्ही एकमेकींना याच नावांनी हाक मारली. ‘काय गं बॉम्बे, घसा बसला का?’ ‘तुझ्या मागचा पंखा किती खडखडतो गं, कलकत्ता.’ बोलणे अर्थात इंग्रजीत. ते इथे मराठीत उतरवते आहे.

वाद पहिल्याच वर्षी सुरू झाला. परदेशातून कोणी गृहस्थ लाइनवर आला आणि म्हणाला, “इंडियातलं ते मोठं शहर द्या. सगळ्यांना माहीत असलेलं.” आम्ही दोघी एकदम म्हणालो, “बोला.”

तेव्हापासून जगाला जास्त माहीत असलेले शहर कोणते यावर आम्ही वीस वर्षे भांडलो. कॉल नसला की भांडायचो, कॉल जोडता जोडता भांडायचो. ती म्हणायची, “आमचं शहर राजधानी होतं, तेव्हा तुमच्याकडे खाजण होतं.” मी म्हणायचे, “राजधानी होतं ना? मग गेली कुठे?” ती पूल काढायची, मी समुद्र काढायचे. ती हिलसा म्हणायची. मी म्हणायचे, “काटे काढण्यात तुमचा अर्धा जन्म जातो, म्हणून तुम्हाला कोणी ओळखत नाही. आमचा पापलेट खाऊन बघ.” परदेशी ऑपरेटरने न अडखळता नाव घेतले तर त्या शहराला एक गुण. ‘हे कुठे आलं?’ असे विचारले तर एक गुण वजा. हिशेबात ती लबाडी करायची. मीही करायचे.

माझा भाऊ मार्कस गेला त्या आठवड्यात मला रजा मिळाली नाही. मी बोर्डावर बसले, ‘बॉम्बे’ म्हणाले, आणि पुढचा शब्द फुटेना. तिने काही विचारले नाही. दिवसभर माझ्या वाट्याचे कॉल तिने नागपूरमार्गे वळवले आणि आमची लाइन मोकळी ठेवली. त्या मोकळ्या लाइनवर तिच्या पंख्याचा खडखडाट मी संध्याकाळपर्यंत ऐकत बसले. तिचे नाव विचारावे असे मला त्या दिवशीही सुचले नाही. मला वाटे, मला ते ठाऊक आहे.

आता माझी चूक. १९७४ साली, पावसाळ्याच्या आधी, कुठल्याशा परदेशी ऑपरेटरने मला विचारले, “बॉम्बे? कलकत्त्याच्या जवळचं का?” ते तिच्या कानावर गेले. तिने सगळ्या लाइनभर पसरवले. दिल्ली, मद्रास, नागपूर, जो तो प्लग घालून म्हणायचा, “कलकत्त्याच्या जवळचं बॉम्बे ना?” तीन दिवस. माझ्या शेजारच्या बोर्डावर सुलक्षणा राणे बसायची, तीसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. (सुलक्षणा आज इथे हजर आहे. हसल्याचे नाकारत नाही.)

चौथ्या दिवशी दुपारी चार वाजता, लाइनच्या चाचणीच्या वेळी, तिचा दिवा लागला.

“बॉम्बे, पीपी कॉल आहे.”

पीपी म्हणजे पर्टिक्युलर पर्सन. साध्या कॉलमध्ये पलीकडे जो उचलेल त्याच्याशी बोलायचे. पीपीमध्ये नाव द्यावे लागते. ते माणूस नावानिशी लाइनवर आल्याशिवाय कॉल जोडत नाहीत.

मी तिकीट, म्हणजे कॉलच्या नोंदीची चिठ्ठी, भरायला घेतले. “कोणासाठी?”

“तुझ्यासाठी. नाव सांग.”

“काय?”

“तुझं नाव गं. तिकिटावर लिहायचंय. मग मी माझं सांगते.”

तिचा आवाज वेगळा होता, हे मला आज कळते. तेव्हा मला वाटले, ही चौथ्या दिवसाची थट्टा. मी म्हणाले, “बॉम्बेला नाव सांगावं लागत नाही. जग ओळखतं.” आणि मी कॉर्ड ओढली. दिवा पुन्हा लागला. मी त्याकडे पाहत बसले. थोड्या वेळाने तो आपोआप विझला.

दुसऱ्या दिवशी त्या जागेवर दुसराच आवाज होता, कोवळा.

“ती कुठे गेली?”

“ती कोण?”

“कलकत्ता.”

“मीच कलकत्ता बोलतेय,” ती मुलगी म्हणाली.

मी तिथल्या ऑफिसला पत्र लिहिले. सभ्य उत्तर आले. आमच्याकडे शंभरावर स्त्रिया काम करतात, कृपया नाव कळवावे. त्यानंतर मी आठ वर्षे नोकरी केली. त्या मुलीशी कामापुरते बोलले. तिच्या मागे पंखा वाजत नव्हता.

कलम ४. याच बाबतीत पुढे. गेल्या वर्षी जूनमध्ये रस्ता खणताना गल्लीतली केबल तुटली, तेव्हापासून माझा फोन मेलेला आहे. तरी दुपारी चार वाजता तो एकदा वाजतो. एकदाच, ट्रंकची घंटी वाजायची तसा लांब. मी उचलते. आत लांबवरच्या लाइनचा आवाज असतो, शंख कानाला लावावा तसा, आणि त्याच्या तळाशी पंख्याचा खडखडाट. मी म्हणते, ‘बॉम्बे.’ कोणी बोलत नाही. मग बोर्डावरची कळ वर केल्याचा खट्ट असा आवाज होतो आणि सगळे शांत होते. डोक्यावरून विमाने जातात म्हणून तसे वाटत असेल, असे ज्युलिया म्हणते. अर्बन जे म्हणतो ते मी लिहीत नाही.

मी लाइनमन दादू तांडेल याला बोलावले. त्याने तार सोलली, यंत्र लावले, आणि म्हणाला, “मावशी, ह्याच्यात जीवच नाय. नवी केबल पडल्याबिगर वाजायचा नाय.” तो वायर गुंडाळत असताना चार वाजले आणि फोन वाजला. दादूने माझ्याकडे पाहिले, चपला हातात घेतल्या, आणि केलेला चहा तसाच ठेवून गेला. साक्षीदार म्हणून तो आज आला आहे तो एका अटीवर: “चारच्या आत मला सोडा.”

माझी सूचना अशी. हा टेलिफोन, त्याच्या शेजारच्या खुंटीवर टांगलेला माझा जुना हेडसेट, आणि आम्हा दोघींच्या वादातला शेवटचा गुण, हे सर्व कलकत्ता हिचे आहे. तिचे नाव कळेपर्यंत ज्युलियाने ते सांभाळावे. फोन काढून टाकू नये. चार वाजता वाजला तर उचलावा. घाबरू नये, ती वाईट बाई नव्हती, फक्त हिशेबात लबाड होती. जग कोणत्या शहराला जास्त ओळखते ते जगाचे जग जाणे. मला या जन्मात एक शहर श्वासावरून ओळखू येत होते, आणि ते माझे नव्हते. गुण तिला.

कलम ५. सुलक्षणा साक्षीदार असल्याने तिला या कागदाने काही देता येत नाही म्हणे. म्हणून घरी कुटलेल्या बाटली मसाल्याची बरणी मी तिला आजच हातात दिली आहे.

कलम ६. माझ्या थडग्याच्या दगडावर माझे नाव कोरावे व त्याखाली एक ओळ रिकामी ठेवावी. तिथे ‘कलकत्ता’ असे कोरू नये. तिचे खरे नाव ज्या दिवशी कळेल त्या दिवशी तेच कोरावे. न कळल्यास ओळ तशीच राहू द्यावी. अर्बनने तिथे बायबलातले वचन घालू नये.

एवढे लिहून मी थांबणार होते. पण सकाळी वकिलांनी पहिली ओळ मोठ्याने वाचायला लावली, ‘मी, कुमारी डोरोथी जोसेफ मिस्किटा’, आणि मला एकदम उमगले. तिने पीपी बुक केला होता. छत्तीस वर्षे ऑपरेटर होते मी, आणि सव्वा वर्ष रोज उचलून शहराचे नाव घेते आहे. शहराच्या नावावर पीपी जोडत नाहीत. ती तरी काय करणार? नियमाने ती रोज कॉल परत घेत असेल.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून पाच मिनिटे झाली आहेत, म्हणजे खरे चारला पाच कमी. दादू दाराकडे पाहतो आहे. मी सर्वांसमक्ष सही करून फोनजवळ जाऊन बसते.

ठिकाण: मरोळ गावठाण, अंधेरी पूर्व.
तारीख: १४ ऑक्टोबर १९८६.

लिहून ठेवणारीने आमच्यासमोर, शुद्धीवर असताना सही केली, तिच्यासमोर आम्ही सह्या केल्या:
१. सौ. सुलक्षणा अनंत राणे, निवृत्त ट्रंक ऑपरेटर, घाटकोपर.
२. दादू सहदेव तांडेल, लाइनमन, वाकोला. (सही करून लगेच गेला.)

लिहून ठेवणार:
डोरोथी जोसेफ मिस्किटा.
बोलते आहे.