सुकरात, रुचिरा आणि मी

७ डिसेंबर, रविवार
ठरलं. मी सर होणार.

किती दिवस लायब्ररीत झाडू मारायचा? आणि लायब्ररी कसली, इथे पंजाबात, कपूरथळ्यात, दुसऱ्या मजल्यावर ऐंशी खुर्च्या, वायफाय, आणि परीक्षांची तयारी करणारी पोरं. पुस्तक एक नाही.

शामरावकाका आपल्या हिंगोलीकडचे. इथे केंद्र सरकारात ऑफिसर. त्यांची रुचिरा पाचवीत. मराठी कळतं, उत्तर हिंदीत. ४ जानेवारीला आपल्या लोकांचा सावित्रीबाई जयंतीचा कार्यक्रम आहे. तिला मुलींच्या शिक्षणावर पाच मिनिटं मराठीत बोलायचंय. काका म्हणाले, दर रविवारी तिला शिकव, जमलं तर कॉलनीतली आणखी सहा मुलं तुझ्याकडे देतो.

मी आठवीत शाळा सोडली, हे काकांना माहीत नाही. विषय निघाला नाही. आईला फोनवर सांगून टाकलं, सर झालो.

९ डिसेंबर, मंगळवार
पद्धत सापडली! सीट नंबर बत्तीसच्या चित्रा दीदी शिक्षक व्हायच्या टीईटी परीक्षेला तिसऱ्यांदा बसतायत. पाठ करताना सारखं सुकरात, सुकरात. मला वाटलं इथलाच कोणी शायर. ग्रीसचा निघाला, इंग्रजीत सॉक्रेटिस, अडीच हजार वर्षं जुना. तो शिकवायचाच नाही, नुसते प्रश्न विचारायचा. समोरचा आपोआप शिकायचा. स्वतः एक ओळ लिहिली नाही. वर म्हणायचा, मला एवढंच कळतं की मला काही कळत नाही.

माझ्यात आणि त्याच्यात फरक फक्त दाढीचा.

दीदी म्हणाल्या, आता तर सरकारही हेच सांगतं. विद्यार्थी मध्ये, शिक्षक बाजूला. म्हणजे तयारी करायचीच नाही. उगाच वही आणली.

१४ डिसेंबर, रविवार
पहिला तास. रुचिराला विचारलं, शिक्षण म्हणजे काय? म्हणाली, "आपको नहीं पता?" मी सुकरातसारखा हसलो. म्हटलं, मला काहीच माहीत नाही. ती उठून किचनमध्ये गेली आणि चेतनाकाकूंना ओरडून म्हणाली, "मम्मी, भैया को कुछ नहीं आता!"

काकूंनी पोहे दिले. सुरुवात छान.

२१ डिसेंबर, रविवार
आज विद्यार्थ्याला मध्ये ठेवलं. तुला काय शिकायचंय? "बैडमिंटन." गच्चीवर गेलो. धुक्यात शटल दिसेना. तिला दिसत होतं. तीन गेम हरलो.

काकांनी विचारलं, भाषण कुठवर आलं? म्हटलं, आतून तयार होतंय. काका म्हणाले, "बाहेर कधी येणार?"

सरकारी माणसाला घाईच फार.

२५ डिसेंबर, गुरुवार, दुपारी
चित्रा दीदींनी आज सांगितलं, सुकरातला शेवटी विष पाजलं. गावातल्या लोकांनीच. पोरं बिघडवतो म्हणून.

हे आधी सांगायला नको?

२८ डिसेंबर, रविवार
भाषण काढणारच होतो. रुचिराने गणिताची वही काढली. तीन छेद चार अधिक दोन छेद तीन किती? म्हटलं, प्रश्न मी विचारतो, सुकरातसारखे. म्हणाली, "आज मैं सुकरात हूँ." मी वरचे वर मिळवले, खालचे खाली. पाच छेद सात. सोपं.

तिने लाल पेनने फुली मारली. मग हळूच विचारलं, "भैया, आप कौन सी क्लास तक पढ़े हो?"

मी विचारलं, क्लास म्हणजे काय?

पद्धत सोडली नाही.

४ जानेवारी, रविवार
हॉल भरलेला. रुचिरा माईकपुढे गेली. जय भीम म्हणाली. मग म्हणाली, "मुलींचं शिक्षण म्हणजे काय? तुम्हाला काय वाटतं?" आणि गप्प उभी राहिली. शेवटी पुढच्या रांगेतले एक रिटायर्ड साहेब सांगायला उठले. पंचवीस मिनिटं बसलेच नाहीत.

दोन्ही वाक्यं शुद्ध मराठी होती. त्याचं कौतुक कोणाला नाही.

चहाच्या टेबलाजवळ काकांनी गाठलं. "सुगत, हे काय होतं?" मी पद्धत समजावली. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कितवी शिकलास?" मागे रुचिरा उभी होती. तिने प्रश्न विचारून विचारून माझ्याकडून खरं काढून घेतलं होतं. म्हटलं, आठवी. ती म्हणाली, "आधी आठवीं."

हो. अर्धी.

कॉलनीतली सहा मुलं हातची गेली. काका कप ठेवून खुर्च्या आवरायला गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

११ जानेवारी, रविवार
काकांचा फोन, अकराला ये. वाटलं, आला विषाचा प्याला. काकूंनी चहा दिला, तो जरा बघूनच प्यायलो.

टेबलावर फॉर्म होता. ओपन स्कूल, दहावी. काकांनी सगळा भरला होता, फक्त माझी सही बाकी. "आमच्या बापानं तिशीत केली दहावी. कर सही." केली.

गणिताला मॅडम ठेवल्यात. दर रविवारी. वय वर्षं दहा.

मॅडमना सांगितलं की नव्या पद्धतीत विद्यार्थ्याला विचारून शिकवतात. मॅडम म्हणाल्या, "अठारह का पहाड़ा. दस बार." मी विचारलं, पाढा म्हणजे काय, तुला काय वाटतं?

"भैया, चुपचाप लिखो."

सहा वेळा लिहून झालाय. दर वेळी उत्तर वेगळं येतंय.